ट्वेंटीमन यांची वही

फुटबॉलपटू जेफ ट्वेंटीमन यांचा जन्म 1930 साली उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅम्प्टनचा. कार्लाइल युनायटेडकडून खेळताना त्यांना बिल शँकली हे मॅनेजर लाभले, आणि पुढे हीच ओळख कामी आली. 1953 मध्ये ते लिव्हरपूलला गेले. त्याच हंगामाअखेर क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. बचाव फळीत 180हून अधिक सामने खेळून 1959 मध्ये ते उत्तर आयर्लंडच्या बॅलिमीना युनायटेडचे खेळाडू-मॅनेजर झाले. इंग्लंडमध्ये मात्र मॅनेजरकी त्यांना मानवली नाही. 1965 मध्ये हार्टलपूल्सला ते काही महिनेच टिकले. त्यांच्या जागी आला तरुण ब्रायन क्लफ.

1967 मध्ये शँकलींनी त्यांना लिव्हरपूलचे मुख्य स्काउट नेमले. काम सांगायला सोपे: खालच्या श्रेणीतला गुणी खेळाडू भाव चढण्याआधी हेरायचा. करायला तितकेच किचकट. कच्च्या मैदानावर, दुबळ्या सहकाऱ्यांसोबत खेळणारा मुलगा वरच्या श्रेणीत टिकेल का, हे एका सामन्यात ठरत नाही. चेंडू पायाशी नसताना तो कुठे उभा राहतो, चूक झाल्यावर मान टाकतो की पुन्हा चेंडू मागतो, हे पाहावे लागते. ट्वेंटीमन पाहिलेल्या खेळाडूंची नावे आणि दोन-चार शब्दांचे शेरे वहीत टिपून ठेवत.

1971 मध्ये स्कनथॉर्पचा केव्हिन कीगन सुमारे 35 हजार पौंडांत आला आणि थेट पहिल्या संघात खेळला. हा अपवादच. एरवी नवखा खेळाडू आधी राखीव संघात मुरवला जाई. 1980 मध्ये चेस्टरहून तीन लाखांना घेतलेल्या इयन रशलाही वाट पाहावी लागली. पुढे क्लबसाठी सर्वाधिक, 346 गोल त्याच्याच नावावर लागले. नॉर्थॅम्प्टनचा फिल नीलही असाच खालच्या श्रेणीतून आला. पंधराव्या वर्षी लिव्हरपूलच्याच चाचणीत नाकारलेला ॲलन हॅन्सन 1977 मध्ये पार्टिक थिसलकडून एक लाखाला घेतला गेला. म्हणजे नकार कायमचा धरायचा नसतो. लिव्हरपूलने तो बदलला, हेच शहाणपण.

ट्वेंटीमन यांच्या काळात क्लबने नऊ लीग विजेतेपदे आणि चार युरोपियन कप जिंकले. श्रेय अर्थातच मॅनेजरांना मिळाले. 1986 मध्ये रॉन येट्स मुख्य स्काउट झाले आणि ट्वेंटीमन ग्रॅम सूनेस मॅनेजर असलेल्या रेंजर्स क्लबसाठी खेळाडू पाहू लागले. 2004 मध्ये त्यांचे निधन झाले. 2009 मध्ये त्यांच्या टिपणांवर पुस्तक निघाले, तेव्हा न घेतलेल्या खेळाडूंवरचे शेरेही लोकांना वाचायला मिळाले.