नाव, तिथी आणि पाठ : सोलापूरच्या जैन प्रकाशनांची संपादनशैली

सोलापुरातील जैन प्रकाशनाची परंपरा दोन कामांवर उभी आहे. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला आणि १९४३ मध्ये जीवराज जैन ग्रंथमालेचे पहिले पुस्तक निघाले. धार्मिक मासिक असो, ग्रंथ असो वा गुरुकुलाच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका, संपादकापुढचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात.

पहिला प्रश्न भाषेचा. सोलापूरच्या जैन समाजात मराठी, गुजराती आणि कन्नड बोलणारी घरे आहेत. आगमांची भाषा प्राकृत, पुष्कळ शास्त्रग्रंथांची संस्कृत, तर देशभरच्या दिगंबर वाचकाला जोडणारी हिंदी. त्यामुळे कोणता मजकूर कोणासाठी आहे, हे आधी ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न आदरार्थी उपाधींचा. दिगंबर परंपरेत आचार्य व मुनी यांच्या नावापूर्वी ‘श्री १०८’, तर आर्यिका, ऐलक आणि क्षुल्लक यांच्या नावापूर्वी ‘श्री १०५’ लिहितात. हा आकडा पदाचा निदर्शक असल्याने तो चुकला तर पदच चुकते. पूर्ण उपाधी पहिल्या उल्लेखात देऊन पुढे ‘आचार्यश्री’ किंवा ‘मुनिश्री’ वापरले, तर आदर राहतो आणि वाक्यही वाचनीय राहते.

निधनवार्तेत शब्द अधिक जपून निवडावे लागतात. ‘कैलासवासी’मागे शिवाचे धाम आहे, ‘वैकुंठवासी’मागे विष्णूचे, लिंगायत समाजात ‘लिंगैक्य’ म्हणतात. जैन दर्शन सृष्टीचा कर्ता असा ईश्वर मानत नाही, म्हणून ‘देवाज्ञा झाली’ हे तिथे विसंगत ठरते. गृहस्थासाठी ‘दिवंगत’ किंवा ‘स्वर्गीय’ पुरेसे असते. व्रतपूर्वक देह ठेवणाऱ्यासाठी ‘समाधिमरण’ हाच नेमका शब्द. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. त्या घटनेला केवळ ‘निधन’ म्हटले, तर तिच्यातील व्रत वाचकापर्यंत पोचत नाही.

तिथीचा हिशेबही काटेकोर हवा. वीर निर्वाण संवत इसवी सनपूर्व ५२७ पासून मोजतात आणि त्याचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलते. म्हणून दिवाळीपूर्वीच्या तारखेला इसवी सनात ५२६ मिळवायचे, नंतरच्या तारखेला ५२७. जानेवारी २०२५ म्हणजे संवत २५५१ आणि नोव्हेंबर २०२५ म्हणजे २५५२. तिथीसोबत इसवी तारीख छापली, की पुढच्या अभ्यासकाला गोंधळ राहत नाही.

शुद्धलेखनाला मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांचा आधार आहे. १९६२ मध्ये चौदा नियम ठरले आणि १९७२ मध्ये चार वाढले. त्यांनुसार सुटा शब्द ‘मुनी’, पण समासात ‘मुनिसंघ’. ‘विद्यार्थी’, पण ‘विद्यार्थिमंडळ’. संस्थेचे नाव मात्र ती संस्था लिहिते तसेच ठेवणे योग्य. ‘संस्कृति’ असे ऱ्हस्वान्त नाव म्हणूनच बदलू नये.

जुन्या मजकुरासाठीही नियम आहे. केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्य मुळाप्रमाणे छापायचे, त्यानंतरचे लेखन नव्या नियमांनी. त्यामुळे मध्ययुगीन मराठी जैन कवींच्या ओव्या जशाच्या तशा राहतात. पण ‘जैन बोधक’मधील गद्य चिपळूणकरांनंतरचे असल्याने त्याचे उतारे आजच्या लेखनपद्धतीने येतात.

शास्त्रवचनाच्या बाबतीत याहून कडक शिस्त लागते. ग्रंथमालेचे पहिले पुस्तक ‘तिलोयपण्णत्ती’ आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केले. मूळ प्राकृत गाथा, हिंदी अनुवाद आणि तळटिपांत हस्तलिखितांमधील पाठभेद, अशी त्याची मांडणी आहे. संपादकाने निवडलेला पाठ वर आणि नाकारलेला खाली दिसतो, त्यामुळे निवड तपासता येते. मासिकाच्या छोट्या लेखातही हीच रीत उपयोगी पडते: गाथा मूळ रूपात, तिचा अर्थ स्वतंत्र, आणि लेखकाचे मत दोहोंपासून वेगळे. श्रद्धेने वाचणाऱ्याला त्यात वचन अबाधित मिळते आणि अभ्यासकाला त्याचा आधार शोधता येतो.