ऐंशी वर्षांपूर्वीचा मंत्र

विज्ञानाच्या मासिकात जादूगारणीची गोष्ट कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. मंत्र म्हटला की माणूस हवेत उडतो, खडक फुटतो, नसलेली वस्तू हातात येते. वर्गात तर आपण शिकतो, की शून्यातून काहीच निघत नाही. तरीही एका जपानी चित्रमालिकेचे पहिले चार भाग पाहिल्यावर मला वाटले, की विज्ञान वाढते कसे हे इतक्या थोडक्यात सांगणारी गोष्ट क्वचितच पाहायला मिळते.

जपानमध्ये तयार होणाऱ्या अशा चलच्चित्रांना ‘ॲनिमे’ म्हणतात. त्यांची रीत मोठी काटकसरीची असते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. पण बहुधा एकच चित्र दोन किंवा तीन चौकटींपर्यंत तसेच ठेवतात. म्हणजे एका सेकंदासाठी १२ किंवा ८ चित्रे पुरतात. मधली हालचाल कागदावर नसतेच, ती आपला मेंदू पुरवतो!

आपल्या मालिकेचे नाव ‘सोसो नो फ्रीरेन’. कानेहितो यामादा यांची कथा आणि त्सुकासा आबे यांची चित्रे असलेली ही चित्रकथा २०२० सालापासून जपानी साप्ताहिकात येऊ लागली. मॅडहाऊस या संस्थेने तिची मालिका केली. केइचिरो साइतो हे तिचे दिग्दर्शक. २९ सप्टेंबर २०२३ रोजी पहिले चार भाग जपानी दूरदर्शनवर एका रात्रीत सलग दाखवले गेले.

गोष्ट सुरू होते ती इतर गोष्टी जिथे संपतात तिथे. राक्षसांचा राजा मारला गेला आहे. दहा वर्षांची मोहीम संपवून चौघे साथीदार राजधानीत परतले आहेत: वीर हिमेल, धर्मगुरू हायटर, बुटक्या लोकांपैकी योद्धा आयझेन आणि जादूगारीण फ्रीरेन. ही नावे जर्मन भाषेतली आहेत. हिमेल म्हणजे आकाश, आयझेन म्हणजे लोखंड, फ्रीरेन म्हणजे गोठणे. फ्रीरेन मानव नाही. तिची जात हजाराहून अधिक वर्षे जगते, म्हणून दहा वर्षे तिला चार दिवसांसारखी वाटतात.

पन्नास वर्षांनी येणाऱ्या उल्का

त्या रात्री आकाशात उल्कांचा वर्षाव होतो. तो दर ५० वर्षांनी येणारा. फ्रीरेन सहज म्हणते, की याहून चांगली दिसेल अशी जागा मला ठाऊक आहे, पुढच्या खेपेस दाखवीन. आणि निघून जाते. ती परतते तेव्हा हिमेल म्हातारा झालेला असतो. चौघे मिळून उल्का पाहतात. थोड्याच दिवसांत हिमेल वारतो. दहा वर्षे बरोबर राहूनही या माणसाला आपण ओळखून घेतले नाही, हे फ्रीरेनला त्याच्या अंत्यविधीच्या वेळी उमगते, आणि ती रडते.

आता वही-पेन्सिल घ्या. असा वर्षाव खरोखर शक्य आहे काय? धूमकेतू सूर्याजवळून जाताना मागे धुळीचा पट्टा सोडतो. पृथ्वी त्या पट्ट्यातून गेली की कण वातावरणात जळतात आणि आपल्याला उल्का दिसतात. सिंह राशीतून येताहेत असे भासणाऱ्या नोव्हेंबरातल्या उल्का टेम्पल-टटल या धूमकेतूच्या. त्या सेकंदाला सुमारे ७१ किलोमीटर वेगाने येतात. एरवी त्या थोड्याच दिसतात. पण धूमकेतू ३३ वर्षांनी परत येतो, त्या सुमारास दाट धूळ वाटेत आली तर तासाला हजारो उल्का पडतात. १८३३ आणि १९६६ साली तसे घडले होते.

५० वर्षांच्या धूमकेतूला केप्लरचा तिसरा नियम लावू. फेरीच्या वर्षांचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाइतका असतो. अंतर मात्र पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत मोजायचे. ५० चा वर्ग २५००, त्याचे घनमूळ सुमारे १३.६. असा धूमकेतू पृथ्वीच्या कक्षेजवळून जात असेल, तर त्याचे दुसरे टोक सूर्यापासून सुमारे २६ पट अंतरावर पडेल, म्हणजे युरेनस आणि नेपच्यून यांच्या कक्षांच्या मध्ये. अगदी शक्य कोटीतली गोष्ट! ‘चांगली जागा’ हा फ्रीरेनचा मुद्दाही शास्त्रीय आहे. शहरातल्या दिव्यांचा उजेड आकाशात पसरतो आणि मंद उल्का त्यात लपतात.

क्वालची हार

पण खरा मासला तिसऱ्या भागात आहे. क्वाल नावाच्या राक्षसाने ‘झोल्ट्राक’ हा मंत्र शोधून काढलेला असतो. त्याचा झोत कोणतीही ढाल, कोणतेही चिलखत भेदून जाई. असंख्य लोक त्याने मेले. चौघा वीरांनाही क्वालला मारता आले नव्हते. त्यांनी त्याला मंत्राने जखडून ठेवले, इतकेच. त्याला ८० वर्षे होतात. बंधन सुटायच्या बेतात असते. फ्रीरेन आपल्या फेर्न नावाच्या शिष्येला घेऊन येते आणि स्वतःच ते बंधन तोडते.

क्वाल जागा होतो आणि झोत सोडतो. आता फेर्न मरणार, असे आपल्याला वाटते. फेर्न तो अडवते! ती चकित होऊन म्हणते, की हा तर नेहमीचाच हल्ल्याचा मंत्र आहे.

झाले होते असे, की क्वाल कोंडला गेल्यावर देशोदेशीच्या जादूगारांनी झोल्ट्राकचा कसून अभ्यास केला. तो कसा चालतो ते शोधले, त्यावर उतारा काढला, चिलखते सुधारली. एके काळचा महाभयंकर मंत्र आता नवशिक्यांच्या पाठात आला होता.

तुम्ही म्हणाल, हे गोष्टीतच घडायचे. तर मग हे पाहा. १९४७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला. ती जर्मेनियमच्या तुकड्यावर धातूची टोके टेकवलेली ओबडधोबड जुळणी होती. आज हातातल्या फोनमधल्या एका चकतीवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्या काळातला एखादा थोर संशोधक कोंडला जाऊन आज बाहेर आला, तर त्याची गत क्वालसारखीच होईल. न्यूटनची बुद्धी आपल्यापैकी कोणाजवळ नाही. पण न्यूटनला इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता. तो १८९७ साली थॉमसनने शोधला. तुम्हांला मात्र तो शाळेतच भेटतो.

क्वाल मूर्ख नाही, हे ध्यानात ठेवा. ढाल पाहताच तो क्षणात तिचे मर्म ओळखतो. ढाल भक्कम आहे, पण तिला शक्ती फार लागते. म्हणून तो एकदम चोहोंकडून मारा सुरू करतो. तरीही तो हरतो. फ्रीरेन त्याच्याच मंत्राच्या सुधारलेल्या रूपाने त्याला संपवते. एकट्याची बुद्धी ८० वर्षे बंद खोलीत राहिली. बाहेर सामान्य माणसे एकमेकांना सांगत, चुका सुधारत पुढे गेली. माणसाचे आयुष्य आखूड, पण त्याची वही लांब असते. एकाने जिथे लिहिणे थांबवले, तिथून दुसरा सुरू करतो.

ढाल षट्कोनीच का?

फेर्नची ढाल मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी तुकड्यांची काढली आहे. चित्रकारांनी षट्कोन का घेतला असेल? सारख्या आकाराच्या, समान बाजू आणि समान कोन असलेल्या फरशांनी जमीन फट न ठेवता भरायची, तर त्रिकोण, चौरस आणि षट्कोन एवढेच तीन आकार चालतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा असतो, त्याने ३६० ला पूर्ण भाग जात नाही. आता प्रत्येक फरशी १०० चौरस सेंटिमीटरची घ्या. त्रिकोणाची परिमिती सुमारे ४५.६ सेंटिमीटर, चौरसाची ४०, षट्कोनाची अवघी ३७.२. म्हणजे कडांचे सामान सर्वांत कमी लागते. सारख्या क्षेत्रफळाचे कोणतेही आकार घेतले तरी षट्कोनच सर्वांत काटकसरीचा, हे थॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९९ साली सिद्ध केले. शक्ती जपून वापरायची असेल, तर हाच आकार शोभतो.

हिशेब कुठे जुळत नाही?

मालिकेत उणे काहीच नाही असे नाही. तलवारींचा सतत खणखणाट हवा असणाऱ्यांना ती संथ वाटेल. दुसरे, मंत्राची शक्ती येते कुठून याचा ताळेबंद लागत नाही. फ्रीरेन एका मंत्राने फुलांचे शेत उभे करते. आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे नुसते एक ग्रॅम द्रव्य ऊर्जेतून बनवायचे, तरी सुमारे अडीच कोटी युनिट ऊर्जा हवी. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या दहा हजार घरांना ती वर्षभर पुरेल. फुलांचे शेत काही एक ग्रॅमचे नसते! गोष्टीत हे क्षम्य आहे, मात्र पाहताना हिशेब करायची सवय सोडू नका. त्याने गंमत कमी होत नाही, उलट वाढते.

शेवटी एक गृहपाठ. दरवर्षी १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या उल्का दिसतात. चांदणे नसेल तर गावाबाहेरच्या काळोखात जा, डोळे सरावेपर्यंत अर्धा तास थांबा, तासाला किती दिसल्या ते तारखेसह वहीत लिहा. हॅलेचा धूमकेतू १९८६ साली येऊन गेला. तो पुन्हा यायचा आहे २०६१ साली. तेव्हा तुमचे वय किती असेल ते काढा. आपल्याजवळ फ्रीरेनसारखी हजार वर्षे नाहीत. म्हणून तो कोणाच्या सोबतीने पाहायचा हे आताच ठरवा, आणि वही जपून ठेवा. पुढच्या कोणाला तरी ती लागेल.