हिवताप, हत्तीरोग आणि डासांचा जीवनक्रम

कपाशीवरील किडीची अवस्था ओळखून उपाय योजला, तरच पैसा व श्रम कारणी लागतात, हे बाभुळगाव तालुक्यातील शेतकऱ्यांस निराळे सांगावयास नको. माणसांत रोग पसरविणाऱ्या डासांसही हाच नियम लागू पडतो.

हिवताप व हत्तीरोग हे दोन्ही रोग परोपजीवींमुळे होतात व दोहोंचा प्रसार डासाची मादी करते. अंडी पक्व होण्यास तिला रक्त लागते. नर चावत नाही. मात्र या दोन रोगांचे डास वेगळे आणि त्यांचे पाणीही वेगळे.

हिवताप पसरविणारा ॲनॉफिलीस डास स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालतो. पाटाच्या गळतीची डबकी, नाल्यातील डोह व विहिरी ही त्याची स्थाने होत. बेंबळा धरणाचे पाणी शेतात आल्यावर पाटाची निगा राखणे म्हणूनच अगत्याचे आहे. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले.

हत्तीरोगाचा क्युलेक्स डास घाण पाण्यात, म्हणजे गटारे, मोऱ्या व संडासाच्या टाक्यांत वाढतो. या रोगाचे सुतासारखे कृमी शरीरातील लसिकावाहिन्यांत राहतात. त्यांची सूक्ष्म पिले रात्री रक्तात येतात. यास्तव रक्ताचा नमुना रात्रीच घेतात. रोगी कित्येक वर्षे निरोगी दिसतो. पुढे पाय सुजून कातडी जाड झाली, की तो सहसा पूर्ववत होत नाही व कष्टकऱ्याचे काम कायमचे अडते.

अंडे, अळी व कोष या तिन्ही अवस्था पाण्यातच पार पडतात. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. हीच वेळ साधावी.

१) आठवड्यातून एक दिवस रांजण, टाक्या व हौद रिकामे करून, घासून कोरडे ठेवावेत.
२) पाटाची गळती बंद करावी, डबकी बुजवावीत.
३) सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा. संडासाच्या वायुनळीस जाळी बांधावी.
४) बुजविता न येणाऱ्या डबक्यांत गप्पी मासे सोडावेत.
५) रात्री मच्छरदाणी वापरावी. ताप येताच रक्त तपासून घ्यावे.

हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचाराच्या वेळी निरोगी दिसणाऱ्यांनीही गोळ्या घ्याव्यात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी व्यक्ती यांना त्या देऊ नयेत. ही गोष्ट ग्रामसेवकांनी घरोघरी समजावून सांगावी.