सूट नको, खेळ हवा

खेळाच्या तासाची घंटा झाली की सारा वर्ग मैदानाकडे धाव घेतो. मागे राहतो तो एखादाच. कोणाच्या काखेत कुबडी असते, तर कोणाला समोरचा फळाही धड दिसत नाही. गुरुजी मायेने म्हणतात, “तू झाडाखाली बैस, सर्वांची दप्तरे सांभाळ.” शारीरिक शिक्षणातून त्याला ‘सूट’ मिळते आणि प्रश्न मिटतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. म्हणूनच हा अन्याय वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या खेळांतच दडलेले आहे. लंगडीत धडधाकट मुलगा एक पाय उचलून धरतो. आंधळ्या कोशिंबिरीत डोळस मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून घेते. बंधनाने खेळाची रंगत वाढते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. खेळाचे नियम माणसांनी ठरविले आहेत आणि माणसांना ते बदलता येतात. मग ज्याला खरोखरच एका पायावर भार देऊन चालावे लागते, त्याच्यासाठी नियम बदलतानाच आपली कल्पकता का आटावी?

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली ‘गोलबॉल’ हा खेळ निर्माण झाला. त्याच्या चेंडूत घुंगरे असतात आणि प्रत्येक खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतो. अंधुक दिसणारा व मुळीच न दिसणारा, दोघेही तेथे एका पातळीवर येतात. आपल्या शाळांनाही अशा युक्त्या अशक्य नाहीत. कर्णबधिर मुलासाठी शिट्टीबरोबर रुमाल हलवावा. अंध मुलगा धावताना दोरीचे एक टोक त्याच्या हाती व दुसरे सोबत्याच्या हाती द्यावे. कुबडी घेतलेल्या गड्याला पकडणाऱ्याने लंगडी घालीतच यावे. गुण देताना त्याची तुलना इतरांशी न करता त्याच्याच मागील कामगिरीशी करावी.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या सोळाव्या कलमात, मान्यताप्राप्त व अनुदानित शाळांनी या मुलांना खेळाची इतरांइतकीच संधी द्यावी यासाठी शासनाने प्रयत्न करावेत, असे म्हटले आहे. परंतु कायदा मैदानावर उतरतो तो शिक्षकाच्या पावलांनी. पन्नास-साठ मुलांचा वर्ग आणि अपुरे पटांगण यांच्याशी झगडणाऱ्या शिक्षकाला नुसता उपदेश करून भागणार नाही. त्याला प्रशिक्षण व साधने मिळालीच पाहिजेत. मुलाच्या प्रकृतीची काळजीही रास्त आहे. मात्र डॉक्टरांना ‘याने काय करू नये’ एवढेच न विचारता ‘याला काय करता येईल’ हेही विचारावे.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पूर्वी मुष्टियुद्ध खेळणाऱ्या या जवानाने पुढे पोहण्याचा ध्यास घेतला आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. प्रत्येक मूल पदक मिळवील असे नाही. मिळवावे अशी अपेक्षाही नाही. घामाने भिजून, धापा टाकीत, सवंगड्यांशी हुज्जत घालीत वर्गात परतण्याचा आनंद मात्र प्रत्येकाच्या हक्काचा आहे. दप्तरे काय, भिंतीशी ठेवली तरी सुरक्षित राहतात.