बरोबरीचा अर्धा गुण सारखा नसतो

सप्टेंबर 2025 मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस बुद्धिबळ स्पर्धेत नागपूरच्या दिव्या देशमुखने जगज्जेत्या डी. गुकेशला बरोबरीत रोखले. दोघांच्या रेटिंगमध्ये अडीचशेहून अधिक गुणांचे अंतर होते. ‘म्हणजे कोणीच जिंकले नाही, फरक शून्य,’ हा अशा डावावरचा ठरलेला शेरा. तक्त्यात दोघांपुढे अर्धा-अर्धा गुण दिसतो, त्यामुळे तो पटतोही.

रेटिंग मात्र अपेक्षेवर चालते. एवढ्या अंतराला दिव्याकडून एका डावात गुणाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपासच अपेक्षा असते. तिने अर्धा मिळवला, म्हणून तिचे तीनेक गुण वाढतात आणि गुकेशचे तेवढेच घटतात.

‘तेवढेच’ हेही दर वेळी खरे नाही. अपेक्षा आणि मिळालेला गुण यांतला फरक एका गुणकाने गुणतात; इथे दोघांचा तो गुणक 10 आहे. 2400 न गाठलेल्यांना तो सहसा 20 असतो, तर 2300 च्या आतल्या, अठरा वर्षांखालच्या मुलांना 40. समजा, सरावलीची एखादी शाळकरी मुलगी डहाणू लोकलने मुंबईला फिडे रेटिंग स्पर्धेला आली. तिचे रेटिंग 1500, समोरच्या काकांचे 1900. डाव बरोबरीत सुटला तर तिला 16.8 गुण मिळतात, काकांचे 8.4 जातात. काका घरी काय सांगतात ते विचारू नये.

याच अंतराला काकांची अपेक्षा 0.92 आहे. त्याचा अर्थ ‘शंभरातले 92 डाव काकाच जिंकणार’ असा लावतात. तो चूक आहे, कारण त्या आकड्यात बरोबरीचे अर्धे गुणही धरलेले असतात.

बरोबरी मागायचा मान मोठ्या खेळाडूचा, असाही समज आहे. नियम दोघांना एकच: आपली चाल पटावर करायची, प्रस्ताव ठेवायचा, मग घड्याळ दाबायचे. चालींच्या कागदावर दोघांनीही (=) अशी खूण करायची.

एकटा राजा उरला की ठरावीक चालींत मात, नाही तर बरोबरी, हा नियम घरचा. स्पर्धेत दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत ना मारामारी, ना प्याद्याची हालचाल, असे झाले तर बरोबरीचा दावा करता येतो. तो खेळणाऱ्याने स्वतः पंचांकडे करायचा. पंच आपणहून डाव थांबवतात ते पंचाहत्तर चालींनंतर.