रात्रीची झोप आणि दिवसाचे काम



मी डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण आठवीवर थांबले. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकासमोर. तेव्हा निद्रानाशासारख्या विषयावर हा गृहस्थ काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरताना पगाराच्या खालोखाल जी तक्रार मी ऐकली ती हीच : "भाऊ, झोप येत नाही." आणि पुष्कळ वर्षे मी तिला तक्रार मानलेच नाही. ती माझी चूक होती. तिची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली. ती हकीकत पुढे सांगतो.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावयाचा. झोप न मिळणे निराळे आणि झोप न येणे निराळे. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत रानडुकरे शिरतात म्हणून जागलीला जाणारा शेतकरी, पंपाची वीज रात्रीची आली म्हणून काळोखात धुऱ्यावर उभा राहणारा त्याचा भाऊ, मे महिन्याचे ऊन तापण्याआधी तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघणारी बाई आणि रात्रपाळीचा कामगार, यांना झोप मिळत नाही. दुसरा माणूस मात्र वेळेवर अंथरुणाला पाठ टेकतो. घर शांत असते, काळोख असतो, तरी डोळ्याला डोळा लागत नाही, किंवा दोन वाजता जाग येते आणि मग उजाडेपर्यंत कूस बदलणे चालते. आठवड्यातून निदान तीन रात्री असे होत असेल, ते तीन महिने टिकले असेल आणि त्याने दिवसाचे काम बिघडत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट निद्रानाश म्हणते. मी पाहिले ते असे की, पहिल्या प्रकारातूनच पुष्कळदा दुसरा जन्माला येतो.

हे कसे घडते? झोपेची दोरी दोन हातांत असते. एक हात थकव्याचा. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेचा भार वाढतो. चहा-कॉफीतील कॅफिन हा भार हलका करीत नाही, तो केवळ जाणवू देत नाही. आणि घेतलेल्या कॅफिनपैकी सुमारे निम्मे पाच-सहा तासांनंतरही अंगात असते. दुसरा हात शरीरातील घड्याळाचा. हे घड्याळ मेंदूत असते आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लावले जाते. ते पेशीपेशींत कसे चालते हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो तेव्हा थकव्याचा हात त्याला झोपेकडे ओढतो, पण डोळ्यांवरचे ऊन घड्याळाला सांगते की दिवस उगवला. या ओढाताणीत तो चार-पाच तास जेमतेम झोपतो. पुढे दिवसपाळी आली तरी शरीर विस्कटलेले राहते आणि 'आज तरी झोप येईल ना?' ही धास्ती अंथरुणात शिरते. झोपेला सक्ती चालत नाही. जितके ओढावे तितकी ती लांब जाते.

हा प्रश्न आजचा नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुसरी एक मागणी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. सूर्यास्ताची मर्यादा मात्र निसर्गाच्याच हाती राहिली, आणि १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा तीही सुटली. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. मग १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तास, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा आणि १९४८ साली नऊ, अशी एकेक पायरी कामगार उतरला. आपण याला कामाच्या तासांचा लढा म्हणतो. तो झोपेच्या तासांचाही लढा होता.

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कराराची बोलणी चालली होती. पाळी बदलताना मधे एक पूर्ण रात्र मिळावी, ही आमची मागणी होती. तीन रात्री मी धड झोपलो नव्हतो. चौथ्या दिवशी मसुदा समोर आला. त्यात 'आठ तासांचे अंतर' असे लिहिले होते. मी वाचले, आठ तास पुरेसे वाटले, सही केली. रात्री अकराला सुटलेला माणूस सायकलने घरी जाणार, जेवणार आणि सकाळी सातला पुन्हा फाटकावर उभा राहणार, हा साधा हिशेब त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला नाही. एक सोबती मला म्हणाला, "भाऊ, डोळाच लागत नाही." मी म्हणालो, "दमलास की येईल." त्याच आठवड्यात एका सकाळी यंत्राखाली त्याची दोन बोटे गेली. झोपेमुळेच गेली असे मी सिद्ध करू शकत नाही. पण माझे उत्तर मला अजून ऐकू येते.

पुढे मी वाचू लागलो. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना चौदा दिवस रात्री सहाच तास झोपू दिले. शेवटी त्यांचे अवधान रात्रभर जागलेल्या माणसाइतके ढासळले होते. विशेष हे की आपण इतके ढासळलो आहोत, हे त्यांना स्वतःला कळत नव्हते. म्हणजे ज्या मेंदूने धोका ओळखावयाचा तोच मंद झालेला! घरात हीच गोष्ट चिडचिडीच्या, विसराळूपणाच्या, लेकरांवर ओरडण्याच्या रूपाने दिसते.

उपाय काय? २०१६ साली अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने शिफारस केली की, जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी सवयी व विचार बदलणारी उपचारपद्धती वापरावी. तिचे सार साधे आहे. रात्र कशीही जावो, उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. अंथरूण झोपेसाठीच असावे. तेथे हिशेब नको, मोबाइल नको. वीसेक मिनिटे झोप आली नाही तर उठून ओसरीवर मंद उजेडात बसावे आणि डोळे जड झाले की परतावे. दुपारनंतरचा चहा सोडावा. विडी-तंबाखूतील निकोटिन जागे ठेवते. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. जो जोराने घोरतो, श्वास अडकून दचकतो आणि दिवसा पेंगतो त्याचा आजार निराळा असू शकतो; त्याने डॉक्टरांकडे जावे. मन सतत खिन्न राहत असेल त्यानेही जावे. झोपेची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नये.

परंतु सर्व भार एकट्या झोपणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, एका माणसाची चौकशी रात्रभर चालविल्याच्या प्रकरणात, झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे सांगून ती हिरावून घेण्यास नापसंती दर्शविली. चौकशीला बसविलेल्याला जो न्याय, तो यंत्रापाशी उभ्या असलेल्याला का नसावा? पाळीचे वेळापत्रक कामगारांना विचारून व्हावे. आणि रात्रपाळीचा माणूस ज्या घरात दुपारी झोपला आहे, त्याच्या खिडकीसमोर आपण ध्वनिक्षेपक लावू नये, एवढे तर आपल्याच हाती आहे.

पुढच्या करारात आम्ही पूर्ण रात्रीचे अंतर मिळविले. बोटे काही परत आली नाहीत. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे : आपल्या घरी, शेजारी, कामावर कुणी "झोप येत नाही" म्हणाले, तर "दमलास की येईल" असे म्हणू नका. "केव्हापासून?" असे विचारा आणि उत्तर नीट ऐकून घ्या.