"टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही"

आयव्हीएफ फसलं की कुणीतरी हे म्हणतंच. सासू म्हणते, मावशी म्हणते, सोनोग्राफीच्या रांगेत शेजारी बसलेली अनोळखी बाईही म्हणते. सगळ्या मायेनंच म्हणतात. तरीही ते चूक आहे.

मानसशास्त्रज्ञ जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. ती २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. उपचारांआधी ज्या जास्त तणावात होत्या, त्यांना त्या सायकलमध्ये दिवस राहण्याची शक्यता कमी होती, असं काही आढळलं नाही. गर्भ न रुजण्याचं मोठं कारण गुणसूत्रांतला दोष, आणि तो बाईच्या वयाबरोबर वाढतो. मन शांत ठेवून गुणसूत्रं सुधारत नाहीत!

उलट, अनेकदा नैराश्य येतं ते उपचार फसल्यावर. गर्भ गर्भाशयात सोडण्याआधीच प्रोजेस्टेरॉन सुरू होतं आणि नंतरही चालू राहतं. अनेकींना ते तेलातल्या इंजेक्शनानं देतात. कुल्ल्यावर गाठी येतात, त्या शेकत बसायचं. त्याच औषधानं छाती दुखते, पोट फुगतं, म्हणजे हुबेहूब दिवस गेल्याची लक्षणं. बाई मनातल्या मनात बारशापर्यंत पोचलेली असते आणि बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिल्याची रक्तचाचणी, निगेटिव्ह येते. वर ऐकायचं, तूच टेन्शन घेतलंस! मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमार यांच्या १९९३ च्या अभ्यासात मूल होत नसलेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास कर्करोगाच्या रुग्णांइतकाच भरला. कर्करोग झालेल्या बाईला 'महाबळेश्वरला जाऊन ये, होईल सगळं नीट' असं कुणी सांगतं का?

"मग समुपदेशन घे, म्हणजे राहील" हा त्याच समजुतीचा शिकलेला भाऊ. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, तर उपचार घ्यायचे ते तिला बरं वाटावं म्हणून. मूल होवो न होवो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दत्तक घेतलं की स्वतःचं होतं? काहींना होतं, तसं दत्तक न घेतलेल्यांनाही होतं. दोष बाईचाच? जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी वीर्यतपासणीला नवरोबा सगळ्यात शेवटी. मूल हवं तर नैराश्याच्या गोळ्या बंद? परस्पर मुळीच नाही. काही गोळ्या गरोदरपणातही चालतात, ते मानसोपचारतज्ज्ञाला ठरवू द्या.

समुपदेशन देणं २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्यानं क्लिनिकवर बंधनकारक आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधी ते मागा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.